कांचघर एक, वस्त्या चार!

माणसाला एका नजरेत जे उमगते ते संगणकाला उमगत नाही, आणि उमगले नाही हेही तो बोलून दाखवत नाही. घरच्या भिशीपासून सरकारी यादीपर्यंत सगळीकडे घोळ घालणाऱ्या नेहमीच्या चुका कोणत्या आणि त्या सोडवायच्या कशा?

जबलपूर शहरात घमापूर-लालमाटीच्या बाजूला कांचघर नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला हिंदी वळणाने ‘काँचघर’ म्हणा, मराठी वळणाने ‘कांचघर’ म्हणा, घाईत अनुस्वार गिळून ‘काचघर’ म्हणा, नाही तर मध्ये थांबून ‘कांच घर’ म्हणा. तो काही न विचारता नेमक्या त्याच चौकात आणून सोडेल.

संगणकाला मात्र हे जमत नाही. त्याच्या लेखी या चार वेगवेगळ्या वस्त्या आहेत. कांचघरमध्ये किती घरे आहेत, असे त्याला विचारले तर तो फक्त ‘कांचघर’ लिहिलेली घरे मोजतो आणि बाकीच्या तीन ढिगांकडे ढुंकूनही पाहत नाही. बरे, काही चुकले असे तो म्हणतही नाही. छान, ठसठशीत आकडा पडद्यावर येतो. तो चुकीचा असतो, एवढेच!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २४ जून २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल, असे सांगण्यात आले. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. एका बाजूला हे अर्ज आणि दुसऱ्या बाजूला बँकांकडची कर्जखाती. दोन्ही जुळवून यादी काढायची होती. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रांचे वाटप झाले. त्यानंतर याद्यांमधला घोळ वर्तमानपत्रांत झळकू लागला. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे दिसत होती. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, पैसे जमा व्हायला उशीर झाला. पडद्यावर ती नुसती ‘न जुळलेली नोंद’ होती. ज्याचे नाव जुळत नव्हते, त्याच्या डोक्यावर मात्र खरेखुरे कर्ज होते.

आज शाळकरी पोरेही प्रोग्राम लिहितात, कॉलेजात जाणारी नात मोबाइलचे ॲप बनवते आणि दुकानदार आपला हिशेब तक्त्यात भरतो. म्हणूनच या चुका आता तज्ज्ञांपुरत्या राहिलेल्या नाहीत. त्या घरात शिरल्या आहेत.

आजीची भिशी, नातीचे ॲप

एक उदाहरण घेऊ. समजा, कांचघरमधल्या एका मराठी घरात आजीची भिशी चालते. जबलपूरला मराठी माणूस नवा नाही. १८१७ पर्यंत या मुलखावर मराठ्यांचीच सत्ता होती. तर या भिशीत १२ बायका आहेत. दर महिन्याला प्रत्येकीने १००० रुपये काढायचे, जमलेले १२,००० एकीने उचलायचे. हिशेब वर्षानुवर्षे एका लाल वहीत आणि पैसे पत्र्याच्या डब्यात.

नात संगणकशास्त्र शिकते आहे. ती म्हणते, ‘‘अगं आजी, ती वही ठेव आता. मी तुला ॲपच करून देते. कोणी दिले, कोणाचे राहिले, सगळे फोनवर दिसेल.’’

आजी म्हणते, ‘‘कर की! पण वही मी टाकणार नाही हं.’’

आजीचे हे एक वाक्य पुढे फार उपयोगी पडणार आहे. कारण नातीच्या मार्गात जे जे खड्डे येतील, ते मोठमोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या मार्गातही आलेले आहेत. खड्डे तेच, फक्त पडणाऱ्यांची संख्या वेगळी.

दिसते तसे नसते

पहिला खड्डा नावांचा. संगणक अक्षरे ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. जगातल्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ नावाची एक सामाईक व्यवस्था आहे. तीत प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. चंद्रबिंदूचा क्रमांक ०९०१ आणि अनुस्वाराचा ०९०२. म्हणून ‘काँचघर’ आणि ‘कांचघर’ हे त्याच्या दृष्टीने ‘राम’ आणि ‘श्याम’ यांच्याइतकेच वेगळे.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे खुद्द ‘ॲप’ हा शब्द! त्यातले पहिले अक्षर दोन प्रकारे टाइप होते. एक तर आधी ‘अ’ आणि मग वरचा अर्धचंद्र. नाही तर २००८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेले एकसंध अक्षर. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात. शोधायला गेलात तर एक सापडते, दुसरे सापडत नाही. जबलपूरच्या ‘गढ़ा’ या भागाचेही तसेच. हिंदीतला नुक्ता असलेला ‘ढ़’ एका क्रमांकाने लिहिता येतो आणि ‘ढ’ अधिक नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही.

आज जी गोष्ट आपण गृहीत धरतो, ती सहज झालेली नाही. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले. त्यात मोहन तांबे हे मराठी नाव पुढे होते. हे काम नंतर पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये वाढले. पण त्या काळापासून छपाईसाठी जे निरनिराळे फाँट निघाले, त्यांतल्या अनेकांत वरून दिसायला देवनागरी आणि आत साठवलेली इंग्रजी अक्षरे, असा मामला होता. हिंदी कार्यालयांत घरोघरी पोहोचलेला ‘कृतिदेव’ हा तसलाच. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडा, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. फक्त गुरुकिल्ली हरवलेली असते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच त्याची मोजदाद करावी.

मग नातीने काय करावे? तीन गोष्टी. एक, नावाच्या पुढचे-मागचे आणि मधले फाजील मोकळे अंतर काढून टाकावे. दोन, अक्षरे एकसारखी करून घ्यावीत. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत तयार सोय असते. नुक्त्याचा प्रश्न तिने सुटतो. चंद्रबिंदू आणि ‘ॲ’ यांचे नियम मात्र आपले आपण लिहावे लागतात. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, नावावर विसंबूच नये. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्यावा. वस्तीचे नाव हाताने टाइप करू देऊ नये, यादीतून निवडू द्यावे.

शून्य गिळणारा तक्ता

दुसरा खड्डा एक्सेलसारख्या तक्त्यांचा. हे तक्ते फार मनकवडे असतात आणि तिथेच गाडे अडते. आजीने जुन्या सभासदांचे घरचे फोन क्रमांक दिले. जबलपूरचा एसटीडी कोड ०७६१. नातीने तो तक्त्यात टाकला आणि त्याचा झाला ७६१. तक्त्याला वाटले, ही संख्या आहे. संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नसते, म्हणून त्याने ते गिळून टाकले.

आधार क्रमांक १२ आकडी. तो साध्या रकान्यात टाकला की आखडून, मध्ये इंग्रजी ‘ई’ अक्षर असलेल्या वैज्ञानिक पद्धतीत दिसू लागतो. तीच फाइल साध्या मजकुराच्या साच्यात जतन केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात आणि वेगवेगळ्या माणसांचे क्रमांक एकसारखे होऊन बसतात. १६ आकडी खाते क्रमांकाची कथा आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच लक्षात ठेवतो. सोळाव्या जागी शून्य!

उपाय सोपा आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ती संख्या नव्हेच. फोन, पिनकोड, आधार, खाते क्रमांक, हजेरीपटावरचा क्रमांक, हे सगळे ‘मजकूर’ म्हणून साठवायचे. तेही भरण्याआधी, भरल्यानंतर नव्हे. एकदा गिळलेला आकडा परत येत नाही.

अशा मनकवडेपणाने शास्त्रज्ञांनाही छळले आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी होती. एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकी. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले संशोधन निबंध २०१६ मध्ये तपासले गेले. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने हात टेकले आणि त्या जनुकांचीच नावे बदलली! नवऱ्याची खोड जाईना म्हणून बायकोने नाव बदलावे, तसा प्रकार. आता एक्सेलमध्ये ही आपोआप बदल करण्याची खोड बंद करण्याची सोय आली आहे.

तक्त्याला मर्यादाही असते. २०२० च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये करोनाची साथ जोरात होती. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या एक्सेलच्या जुन्या साच्यात भरल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ ओळींहून जास्त मावत नाहीत. जास्तीच्या ओळी निमूटपणे गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून निसटले. रुग्णांना स्वतःचा अहवाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम कित्येक दिवस लांबले. साथीच्या दिवसांत त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

तीन एप्रिल की चार मार्च?

तिसरा खड्डा तारखांचा. आजीच्या वहीत ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. खरा कावा पुढेच आहे. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र बरोबर राहतात किंवा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात, कारण तेरावा महिना नसतोच! त्यामुळे नात वरवर चाळते तेव्हा अर्ध्याहून अधिक तारखा ठीक दिसतात आणि चूक झाकली जाते.

इथे दोनच नियम. तारीख वाचताना संगणकाला अंदाज करू देऊ नये. आधी दिवस, मग महिना, असे स्पष्ट सांगावे. आणि साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हा आंतरराष्ट्रीय क्रम ठेवावा. त्याने तारखा ओळीने लावणेही सोपे जाते. वर्ष तर चारही आकड्यांत लिहावेच. वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या काटकसरीने २००० साल उजाडताना जगाला केवढा घोर लावला होता, ते चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

बेरीज का फुगली?

नातीकडे आता दोन याद्या आहेत. एक सभासदांची, दुसरी या महिन्याच्या हप्त्यांची. दोन्ही जोडून तिने बेरीज केली. उत्तर आले १४,०००. डब्यात तर १२,००० आहेत!

आजी म्हणाली, ‘‘दोन हजार वर आले कुठून? लक्ष्मी प्रसन्न झाली म्हणायची!’’

लक्ष्मी नव्हे, दोन कुळकर्णीबाई! भिशीत त्या नावाच्या दोघी आहेत आणि याद्या आडनावावरून जोडल्या आहेत. पहिल्या यादीतली प्रत्येक कुळकर्णी दुसऱ्या यादीतल्या दोन्ही कुळकर्णींना जाऊन चिकटली. दोनाच्या चार नोंदी झाल्या. बाकीच्या १० आणि या ४ मिळून १४. माहितीचे विश्लेषण शिकणाऱ्यांचा हा नेहमीचा घोटाळा आहे. औषधही ठरलेले आहे. जोडण्यापूर्वी ज्या रकान्यावरून जोडणार त्यात कोणी दोनदा तर नाही ना, ते पाहायचे. आणि जोडण्याआधी किती ओळी होत्या, नंतर किती झाल्या, ते मोजायचे. अकारण ओळी वाढल्या तर नोंदी दुप्पट झाल्या, घटल्या तर कोणीतरी गळले.

रिकाम्या जागेचेही असेच. एकीने हप्ता दिला नाही, तिथे शून्य लिहायचे की जागा रिकामी सोडायची? शून्य म्हणजे ‘दिले नाही’. रिकामी जागा म्हणजे ‘माहीत नाही’. सरासरी काढताना संगणक बहुधा रिकाम्या जागा सोडून देतो आणि शून्य मोजतो. दहा जणींनी हजार हजार दिले आणि दोन जागा रिकाम्या, तर सरासरी १०००. त्याच दोन जागी शून्य, तर ८३३. आकडे दोन्ही खरे, पण उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची.

ॲपमध्ये हीच रिकामी जागा वेगळा उपद्रव देते. फोन क्रमांक नसलेल्या सभासदाचे पान उघडले की ॲप धाडकन बंद पडते. नसलेली वस्तू वापरायला गेल्यावर दुसरे होणार काय? प्रोग्रामिंग भाषांत ‘काहीच नाही’ दर्शवणारी ही सोय १९६५ मध्ये टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने आणली. पुढे २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. आजच्या कोटलिन, स्विफ्टसारख्या भाषा म्हणूनच प्रोग्राम लिहितानाच दटावतात : ही जागा रिकामी असू शकते, तेव्हा काय करायचे ते आधी सांग!

अर्थशास्त्रातले मोठे नावही यातून सुटलेले नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंतांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज फार वाढले की देशाची वाढ खुंटते, असा त्याचा सूर होता. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांसाठी त्याचा आधार घेतला गेला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता मागवून घेतला. सरासरीच्या सूत्रात २० पैकी ५ देशांच्या ओळी धरलेल्याच नव्हत्या! निबंधावर आणखीही आक्षेप होते. ती सारी चिकित्सा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर गेली. विद्यार्थ्याने विचारलेला साधा प्रश्न होता : तुमचा तक्ता दाखवता का?

जबलपूरची दोन घड्याळे

वेळेचा घोटाळा समजायला जबलपूरसारखे गाव नाही. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि कोलकात्याकडून येणारा असे दोन रेल्वेमार्ग जबलपूरलाच जोडले गेले. त्या काळी मुंबईची वेळ वेगळी आणि कोलकात्याची वेगळी. दोन्हींत तासाभराहून थोडे अधिक अंतर! रेल्वेने तोडगा म्हणून मद्रासची वेळ धरली. सबंध देशासाठी भारतीय प्रमाणवेळ आली ती १९०६ मध्ये.

आज ॲपमध्ये तेच भांडण नव्याने होते. बहुतेक सर्व्हर जागतिक वेळ पाळतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. समजा, कोणी १ एप्रिलला मध्यरात्रीनंतर एक वाजता हप्ता भरला. सर्व्हरवर तेव्हा ३१ मार्चची संध्याकाळ असते, साडेसात वाजलेले असतात. हिशेब थेट मागच्या आर्थिक वर्षात जातो! तोडगा रेल्वेसारखाच आहे. साठवताना सगळीकडे एकच, जागतिक वेळ ठेवायची. दाखवताना आणि दिवसाची बेरीज करताना ती भारतीय वेळेत बदलून घ्यायची.

पैशाचा हिशेब पैशांत

संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. अनेक भाषांत उत्तर येते ०.३०००००००००००००००४. तो वेडा झालेला नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो, तो दोनाच्या. आपल्याला जसे एकतृतीयांश दशांशात पुरते लिहिता येत नाही, तसे त्याला एकदशांश नेमके लिहिता येत नाही.

एवढ्याशा कणाने काय बिघडते? कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने मोजला जाई आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशापुढचे आकडे छाटून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ पर्यंत घसरला. बाजार पडलेला नव्हताच! हिशेब दुरुस्त केल्यावर खरा आकडा निघाला १०९८. म्हणून पैशाचे ॲप लिहिणाऱ्याने रुपये-दशांश न ठेवता सगळी रक्कम पूर्ण पैशांत मोजावी. हजार रुपये म्हणजे एक लाख पैसे. अपूर्णांकाचा प्रश्नच मिटला.

एकदा दाबले, दोनदा गेले

हिशेब बरोबर झाला, आता ॲप लोकांच्या हाती गेले. इथे नव्या तक्रारी. कांचघरच्या एका घरात इंटरनेट रडतखडत चालते. हप्ता नोंदवायचे बटण दाबले, काही हलले नाही, म्हणून पुन्हा दाबले. दोन नोंदी! बटण दाबताच ते निष्क्रिय करणे हा अर्धा उपाय झाला. पुरा उपाय असा : फोनने पाठवण्याआधीच त्या व्यवहाराला एक क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने ‘मिळाले आहे’ म्हणावे आणि नवी नोंद करू नये. मनीऑर्डरची पावती एकच असते, तसे हे.

दुसरी तक्रार, अर्धी माहिती भरली, फोन आडवा झाला आणि सगळे पुसले गेले. अँड्रॉइड फोन आडवा केला की तो पडदा मोडून पुन्हा नव्याने मांडतो. अर्धवट भरलेला मजकूर आधी जपून ठेवायला ॲपला शिकवावे लागते. तिसरी, यादी येईपर्यंत ॲप गोठते. फोन पडद्याचे काम करतो तीच रांग जड कामाला लावली की असे होते. जड काम वेगळ्या रांगेत पाठवायचे. आणि चौथे उत्तर तर जगभरच्या प्रोग्रामरांचे पेटंट आहे : ‘‘माझ्या फोनवर तर चालते!’’ त्यावर उपाय एकच. आजीच्या जुन्या, मेमरी भरलेल्या, मोठ्या अक्षरांच्या फोनवर चालवून पाहावे.

चूक शोधायची कशी?

खड्डे तर पुष्कळ पाहिले. नवा खड्डा आला तर? त्यासाठी ही पद्धत ध्यानात ठेवावी.

• चुकीचा संदेश वाचा. लाल अक्षरे पाहून घाबरून पान बंद करणारेच जास्त. पायथन भाषेत मुख्य कारण सर्वांत शेवटच्या ओळीत असते. वर असते ती चुकीची वंशावळ.

• चूक लहान करा. ५००० नोंदींत एक खराब असेल तर अर्ध्या नोंदी घेऊन चालवा. चूक ज्या अर्ध्यात असेल ते पुन्हा निम्मे करा. १३ वेळांत तुम्ही त्या एका नोंदीपाशी पोहोचता.

• प्रत्येक पायरीवर मोजा. किती ओळी आल्या, किती गेल्या, बेरीज किती. संगणक न बोलता चुकतो. त्याला बोलते करायचे ते असे.

• एका वेळी एकच बदल करा. मूळ माहितीला हात लावू नका, तिच्या प्रतीवर काम करा.

• कोणाला तरी समजावून सांगा. परदेशातले प्रोग्रामर टेबलावर चक्क रबरी बदक ठेवतात आणि त्याला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावतात. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांना बदकाची गरज नाही.

• मदत मागताना तीन गोष्टी सांगा : काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले. सोबत छोटा नमुना द्या, पण त्यातली खरी नावे आणि क्रमांक बदलून!

आता तर एआयला विचारले की तयार प्रोग्राम मिळतो. तो जरूर घ्यावा. पण तुमच्या यादीत दोन कुळकर्णी आहेत आणि ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसे कळणार? त्याने लिहिलेला प्रोग्रामही आधी अशा पाचदहा नोंदींवर चालवून पाहावा, ज्यांचे उत्तर आपल्याला हाताने काढता येते.

वही टाकू नका

इथे आजीच्या त्या वाक्याकडे परत यावे लागते. नातीला बेरीज चुकल्याचे कळले कशाने? डब्यातल्या पैशांमुळे. डबा आणि वही नसती तर १४,००० हा आकडा खराच ठरला असता आणि मग दोन हजार कोणी खाल्ले, याची कुजबुज सुरू झाली असती. भिशी विश्वासावर चालते. एका चुकीच्या जोडणीने बारा घरांतला तो विश्वास तुटू शकतो, आणि तुटलेला विश्वास कुठल्याही प्रोग्रामला जोडता येत नाही.

म्हणूनच जाणकार सांगतात की नवी पद्धत सुरू केली तरी काही काळ जुनी तिच्याबरोबर चालू ठेवावी. दर महिन्याला दोन्ही ताडून पाहाव्यात. सलग काही महिने पैशापैशाने जुळले, तरच जुनी बंद करावी. आपल्या घरातही कोणी मुलगा किंवा मुलगी असे काही ॲप करत असेल तर त्यांना नावे ठेवू नका आणि आंधळा विश्वासही ठेवू नका. पुढच्या हप्त्याच्या दिवशी शेजारी बसा, वही उघडा आणि एकेक नाव वाचून दाखवा. पडद्यावरचे आणि वहीतले जिथे जुळणार नाही, तिथे बोट ठेवून विचारा, ‘‘बाळा, हे असे का?’’

मोठमोठ्या तक्त्यांतल्या चुकाही शेवटी याच प्रश्नाने सापडल्या आहेत.